खांबावरचं शून्य

रविवार, २४ सप्टेंबर २०१७

जूनच्या अकरा तारखेनंतर आज ही वही उघडतो आहे. मधली पानं कोरी राहिली, त्याबद्दल क्षमा. कोणाची मागतो आहे ते मलाही नीट सांगता येणार नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण वेळ होता. संध्याकाळी खुर्चीत बसून नखांतल्या चिखलाकडे बघत राहण्याइतका वेळ रोज होता. लिहायला बसलो असतो तर खरं लिहावं लागलं असतं, म्हणून बसलो नाही.

तर खरं असं. जानेवारीत कॉलेज सोडलं. एकोणीस वर्षं मेकॅनिकलच्या मुलांना इंजिन शिकवलं. शेवटच्या वर्षी एका मुलीनं सहज विचारलं, "सर, तुम्ही स्वतः एखादं पूर्ण उघडलंय का?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं. नोकरी सोडण्याचं कारण मी घरात वेगळं सांगितलं, पण ते हेच असावं.

सरगूरच्या पुढं अण्णांची, म्हणजे वडिलांची, सहा एकर पडीक जमीन आहे. मधोमध विटांसाठी माती काढून झालेला मोठा खड्डा, पावसाळ्यात त्याचं तळं होतं. त्याभोवती मी वाट आखली: झाडीतून, चढावरून, आणि शेवटी तळ्यातून पलीकडे. तीन एटीव्ही घेतल्या, लाल, निळी आणि हिरवी. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल. येणाऱ्यांना काय हवं असतं? पाणी उडालं पाहिजे, चिखल अंगावर आला पाहिजे, आणि गाडी मधेच बंद पडता कामा नये. यातली फक्त तिसरी गोष्ट माझ्या हातात आहे, आणि तीच जमत नाही.

जूनपासूनचा हिशेब: हिरवीचा चाकं फिरवणारा पट्टा दोनदा भिजून घसरला. निळीच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळून भिंत झाली आणि इंजिन तापलं. मी जोराच्या फवाऱ्यानं धुवायला गेलो, तर जाळीच्या पात्या वाकल्या. लालचा दिवा, मग हॉर्न, मग दोन्ही. प्रत्येक गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती, आणि प्रत्येक गोष्ट घडून गेल्यावर आठवली.

रंगराव नसते तर मे महिन्यातच दार लावलं असतं. बन्नूरच्या शिंप्यांच्या घरातला हा माणूस. वय अठ्ठावन्न, गळ्यात तुळशीची माळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणयंत्रं, पण यांना शिवण्यापेक्षा यंत्र उघडण्यातच रस. शेडला लागून खोली आहे, तिथं राहतात. एकादशीला बहिणीकडे, शांताक्कांकडे, बन्नूरला जातात. मला ते मेष्ट्रे म्हणतात, म्हणजे मास्तर. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. "तुमचं इंजिन खडूचं, मेष्ट्रे," परवा म्हणाले. "खडूला गंज धरत नाही."

सात ऑक्टोबरला, शनिवारी, कबिनीकाठच्या एका रिसॉर्टच्या व्यवस्थापक कृष्णवेणी येणार आहेत. वाट पसंत पडली तर त्यांचे पाहुणे पूर्ण हंगाम आमच्याकडे. नाही तर पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाल्या. पुढचं वर्ष येईपर्यंत मी पुन्हा फळ्यासमोर उभा असेन.

मंगळवार, २६ सप्टेंबर

आज अण्णांना सरगूरला नेलं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही पाणी दिसलं की चाल बदलते. काठावर उभे राहून बराच वेळ माझे खांब बघत होते. मे महिन्यात तळं कोरडं होतं तेव्हा मी चार खांब रोवले आणि त्यांच्यावर फूट-इंच रंगवले. दीड फुटापर्यंत हिरवा पट्टा, त्यावर लाल. पाणी हिरव्यात असेल तोवर गाडी घालायची. गाडीची हवा आत जाते ती सीटखालून, तिथवर पाणी चढलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं आणि संपतं. साधा नियम.

"शेषू," अण्णा म्हणाले, "तुझं शून्य कुठं आहे?"

"शून्य जमिनीवर असतं, अण्णा."

"कुठल्या जमिनीवर?"

मला राग आला. काठावर निळी सुरू होत नव्हती, हात ग्रीसनं माखले होते, आणि हे मला तोंडी परीक्षेला बसवत होते. म्हणालो, "मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एक फूटपट्टी वाचता येते मला." त्यांनी कानातलं श्रवणयंत्र उगाच दाबलं आणि रंगरावांकडे जाऊन बसले.

दोघांचं चांगलं जमतं. रंगराव त्यांना रायरू म्हणतात, रावसाहेब या अर्थानं. तिकडून ऐकू येत होतं.

"पाण्यात गाडी घालायची ती कशी, रायरे? आधी पाय, मग चाक. काठी घेऊन स्वतः चालून यायचं. मग खालचा गियर, एकसारखा रेस. सोडायचा नाही, वाढवायचा नाही, पाण्याची लाट पुढं चालली पाहिजे. आणि मधे बंद पडली तर पुन्हा बटण दाबायचं बेडा. अजिबात नको. उतरायचं, ढकलायचं."

"आणि आत पाणी गेलं तर?"

"लगेच प्लग काढायचा, इंजिन फिरवून पाणी बाहेर उडवायचं. मग ऑइल बदलायचं, पुन्हा बदलायचं. उशीर केला की आत गंज."

अण्णा वहीत उतरवून घेतल्यासारखं ऐकत होते. माझं एवढं कधी ऐकलं नाही. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

गुरुवार, २८ सप्टेंबर

उद्या खंडेनवमी, इथली आयुधपूजा. अण्णांचं म्हणणं, गाड्या जिथं आहेत तिथंच पूजा व्हायला हवी. म्हणून सकाळी त्यांना सरगूरला सोडलं आणि मी कोहळे, केळीचे खुंट, शेवंतीच्या माळा आणायला पुन्हा म्हैसूरला आलो. दसऱ्याच्या गर्दीत गाडी हलेना. विजयनगरच्या घरून बाजारात जायला दीड तास, बाहेर पडायला दोन. सरगूरला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते.

चकित झालो. तिन्ही गाड्या धुऊन रांगेत उभ्या, लाल तर सीटखालूनही टपकत होती. सगळे पाने, हातोड्या, पक्कडी स्वच्छ पुसून पाटावर मांडलेल्या, वर हळद-कुंकू. अण्णांनी पूजेत ठेवून दिल्या होत्या. आमच्या घरचा नियम जुना आहे: पूजेत ठेवलेली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. लहानपणी पुस्तकं ठेवायचो तेव्हा तीन दिवस सुटका असायची.

अण्णांच्या कमरेला रंगरावांची चौकड्यांची लुंगी होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लुंगीत पाहिलं.

"धोतर कुठं गेलं?"

"गाडी धुताना भिजलं," रंगराव मधेच म्हणाले. "रायरू ऐकतायत का? मी धुतो म्हटलं तरी पाइप सोडीनात."

अण्णांना प्रश्न ऐकूच आला नाही. श्रवणयंत्राची बॅटरी संपली म्हणे. परत येताना गाडीत मी दोनदा ओरडून बोललो आणि मग नाद सोडला. एकदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "शेषू, ती लाल गाडी..." अशी सुरुवात केली. मी म्हणालो, "उद्या, अण्णा. आज डोकं दुखतंय." खरंच दुखत होतं.

घरी आल्यावर अंबुजेनं त्यांचं श्रवणयंत्र तांदळाच्या डब्यात ठेवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "हवा दमट आहे, अल्ला, नाही का?" नवऱ्याला बेल्टचं घर्षण समजावून सांगता येतं, बायको समजत नाही.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

पूजा झाली. कोहळा फोडला, चाकांपुढं लिंबं ठेवली. निळी आणि हिरवी सुरू करून लिंबावरून नेल्या. लालच्या वेळी मी किल्ली लावणार तोच रंगराव आडवे आले.

"हिला सुरू करायला नको, मेष्ट्रे. ढकलत नेऊ."

"का?"

"सुम्ने, असंच. लाल गाडी आहे, देवीची. हातानं न्यावी."

देवीची गाडी हातानं ढकलायची अशी चाल मी कधी ऐकलेली नाही, पण शिंपी आळीत असेल म्हणून ढकलली. अण्णाही मागून हात लावत होते. तोंड लाल झालं होतं, शिंका येत होत्या.

मग रंगरावांनी मला शेडच्या बाजूला घेतलं. "एक प्लगपाना पूजेतून उचलू का? अर्ध्या तासाचं काम आहे. पुन्हा होता तसा ठेवतो."

"आज? कशाला?"

"लालचा प्लग बघायचाय."

"उद्या उत्तरपूजा झाली की बघा."

"उद्यापर्यंत... सरगूरमधून आणला असता. पण चारही गॅरेजांत पाने पूजेत. काल संध्याकाळी विचारून आलोय."

मी नाही म्हणालो. हे नोंदवून ठेवतो, कारण मी स्वतः यातलं काही मानत नाही. पाना उचलला म्हणून कुठला देव रागावणार नाही हे मला ठाऊक आहे. पण अण्णा दहा पावलांवर उभे होते, आणि मला वाटलं, म्हाताऱ्या माणसानं इतक्या श्रद्धेनं मांडलंय, आपण मोडू नये. वडिलांच्या बाबतीत माझ्या हातून इतर काही होत नाही, निदान एवढं. रंगरावांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पाटाकडे पाहिलं. त्यांनी काही ऐकलं नसणार, यंत्र कानात नव्हतं.

"परवागिल्ला," रंगराव म्हणाले, म्हणजे असू दे. पण चेहरा तसं म्हणत नव्हता.

शनिवार, ३० सप्टेंबर

अण्णांना ताप. सकाळी सरगूरला जाऊन उत्तरपूजा करायची होती, ती राहिली. रंगरावांना फोन केला की उद्या येतो, पाने उद्याच उठवू. पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हौदु, बरं, मेष्ट्रे. रायरू कसे आहेत?" फोन ठेवेपर्यंत हे तीनदा विचारलं.

हत्तीची मिरवणूक टीव्हीवर पाहिली. अण्णा पांघरुणातून म्हणत होते, "तिथं जायला हवं होतं." मी म्हणालो, "गर्दीत काय जाताय, टीव्हीवर सगळं दिसतंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी मूर्खासारखं बोललो असावं.

रविवार, १ ऑक्टोबर

लाल गाडी मेली.

उत्तरपूजा मीच केली, जमेल तशी. तिच्यावरची शेवटची अक्षत खाली पडायच्या आत रंगरावांनी पाना उचलला होता. प्लग काढला. भोकातून तांबूस पाणी आलं. ऑइल खाली सोडलं तर दुधाळ, कॉफीत दूध जास्त झाल्यासारखं. इंजिन फिरेना. वरचं झाकण उघडायला दुपार गेली. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचं कडं, रिंगा घट्ट बसलेल्या. बोट फिरवलं तर तपकिरी झालं.

पाणी गुरुवारी गेलेलं होतं. म्हणजे तीन दिवस आत बसून होतं. गुरुवारी काढलं असतं तर काही झालं नसतं. शुक्रवारी काढलं असतं तरीही निभावलं असतं. शुक्रवारी मी पाना दिला नाही.

हे सगळं मी तिथंच, त्याच क्षणी समजलो होतो. आणि तरीही माझ्या तोंडून निघालं ते असं: "पाण्यात गाडी घातली कोणी?"

रंगराव फडक्यानं हात पुसत होते. "गाडी माझ्या ताब्यात होती."

"मी विचारलं, चालवली कोणी?"

"ताब्यात माझ्या होती, मेष्ट्रे. तेवढंच धरा."

"आणि मला सांगितलं नाहीत? पाना मागताना खरं कारण सांगता आलं नाही? प्लग बघायचाय म्हणे!"

"सांगायचं होतं. जमलं नाही."

"न जमायला काय झालं? मला पाण्यात गाडी घालायचे धडे देता, आधी पाय मग चाक, आणि मी पाठ वळवली की स्वतः मजा मारायला जाता?"

हे शब्द मी वापरले. मजा मारायला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला. वर असंही म्हणालो की कॉलेजच्या लॅबमध्ये असं करणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता.

त्यांनी फडकं घडी घालून सीटवर ठेवलं. खोलीत गेले, पिशवी घेऊन आले. "दुसरा दिवस कशाला," म्हणाले. "बन्नूरची गाडी म्हैसूरहून साडेसातपर्यंत असते." मग दारात थांबून, "निळीचा पट्टा बदलायला झालाय. विसरू नका."

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पट्टा बदलला. चार तास लागले. रंगराव पाऊण तासात बदलतात.

अण्णांचा ताप उतरला, खोकला आहे. पुन्हा पुन्हा एकच विचारतात, "किती बिघडलंय?" मी कागदावर लिहून दाखवलं: नवीन रिंगा, सिलिंडर घासून घ्यावा लागेल, महिना तरी. कागद त्यांनी उशीखाली ठेवला. मग, "शेषू, त्यात रंगरावचा काही..."

"अण्णा, त्यांची बाजू घेऊ नका. स्वतः कबूल केलंय त्यांनी."

"कबूल केलं?" ते उठून बसले. "काय म्हणाला?"

"गाडी त्यांच्या ताब्यात होती."

अण्णा पुन्हा आडवे झाले आणि भिंतीकडे वळले. अंबुजा दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. मला वाटलं दूध उतू गेलं.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

दोन दिवसांवर पाहणी, आणि मेकॅनिक नाही. रागानं काम होत नाही हे मला कळतं, पण नम्रपणानंही होत नव्हतं. शेवटी बन्नूरला फोन केला. शांताक्कांनी उचलला.

"रंगा शिवायला बसलाय. शाळेच्या चड्ड्या. फोनवर येत नाही म्हणतो."

"दोन मिनिटं..."

"मेष्ट्रे, मी पाचवी शिकलेली बाई. तुम्ही कॉलेजातले. तुम्हीच सांगा, माझ्या भावानं चाळीस वर्षं गाड्या उघडल्या. त्याला पाण्यात गाडी बुडवायला वेड लागलंय? काही विचारलं की म्हणतो, म्हाताऱ्या माणसाची गोष्ट आहे, सोड. अय्यो, साठीला आला नाही अजून, आणि स्वतःला म्हातारा म्हणायला लागला! तुम्ही काय बोललात त्याला?"

मी काय बोललो ते सांगितलं नाही. त्यांच्या बहिणीशी बोलताना खरं टाळलं, हे इथं लिहून ठेवतो.

रंगरावांनी स्वतःला म्हातारं म्हणावं याचं वाईट वाटलं. माझ्यामुळेच.

शनिवार, ७ ऑक्टोबर

कृष्णवेणी दहाला आल्या. पस्तिशीच्या, पायांत गमबूट, हातात वही. पहिल्या पाच मिनिटांत मला समजलं की या बाईंना फसवता येणार नाही, आणि मी फसवायच्या तयारीत होतो हेही त्याच वेळी समजलं. लाल गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. अण्णा शाल गुंडाळून काठावर खुर्चीत. हट्टानं आले. तांदळातून काढलेलं यंत्र कानात होतं, चालू झालेलं.

झाडी, चढ ठीक झालं. हिरवीवर त्या, पुढं निळीवर मी. तळ्याकाठी त्यांना थांबवून म्हणालो, "आधी मी जातो. बघा, पाणी हिरव्या पट्ट्यात आहे, दीड फूट. सुरक्षित."

"शेषू!" अण्णा ओरडले. "पायानं बघ आधी!"

मी हात हलवला. पाहुण्यांसमोर वडिलांनी ओरडावं हे मला सहन झालं नाही. खालचा गियर, एकसारखा रेस, पुढं लाट. दुसऱ्या खांबापर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग पुढची चाकं खाली बसायला लागली. खड्ड्यात पडल्यासारखी नाही. हळू, लोण्यात सुरी जाते तशी. खांबावर दीड फूटच होतं. पाणी मात्र माझ्या मांडीवर आलं.

"बंद कर!" अण्णा खुर्चीतून उठून ओरडत होते. "रेस देऊ नको, बंद कर! डावीकडचं लाल बटण! लाल बटण, शेषू!"

मी बटण दाबलं. रेस दिला असता, आणि देणारच होतो, तर निळीही गेली असती. अंगठा रेसच्या खटक्यावर आलेला होता.

तसाच उतरलो. पाय गुडघ्यापर्यंत केसरुत, म्हणजे त्या काळ्या लोण्यासारख्या चिखलात, आणि त्याच्या खाली कुठं तरी घट्ट जमीन. त्या क्षणी मला अण्णांचा तो शून्याचा प्रश्न समजला. मी शून्य रंगवलं तेव्हा मे महिना होता. तळाची माती दगडासारखी होती. चार महिने पाणी मुरल्यावर तिचा वरचा सव्वा फूट चिखल झाला. खांबावरचं पाणी दीड फूट, त्याखाली चिखल सव्वा फूट, आणि चाकं काही चिखलावर तरंगत नाहीत. चाकांचं शून्य सव्वा फूट खाली होतं. एकोणीस वर्षं मुलांना सांगत आलो: मोजण्याआधी कशापासून मोजताय ते ठरवा.

निळी दोरीनं ओढून काढली. कृष्णवेणींनी स्वतः हात लावला. पुन्हा सुरू करायचा मोह आवरला. प्लग काढला, इंजिन फिरवलं, कोरडं. हवेच्या डब्यात वाटीभर पाणी, ते पुसून काढलं. अर्ध्या तासानं सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा एक इंजिन मी वाचवलं, आणि तेही अण्णांनी.

कृष्णवेणी बुटांतलं पाणी ओतत म्हणाल्या, "हे कार्यक्रमात होतं का?"

"नव्हतं. खांब चुकीचे आहेत. मी लावलेत."

"असं सहसा कोणी सांगत नाही." त्यांनी वहीत काही लिहिलं. "आणि त्या ताडपत्रीखाली?"

तेही सांगितलं. त्या म्हणाल्या की वाट चांगली आहे, पण मेकॅनिक जागेवर नसेल तर त्या एकही पाहुणा पाठवणार नाहीत. एकवीस तारखेला पुन्हा येतील. "आज कुठं आहे तुमचा माणूस?"

मी दोरी गुंडाळायला लागलो. अण्णाच म्हणाले, "येईल."

रविवार, ८ ऑक्टोबर

सकाळी बांबू घेऊन तळं चालून आलो. खांबाखांबाशी मोजलं: तेरा इंच, पंधरा, सतरा, चौदा. सगळं त्या खांबांवर, म्हणजे माझ्यावर, विश्वास ठेवून झालं.

म्हणजे रंगरावांचा दोष नव्हता. त्यांनी पाणी हिरव्या पट्ट्यात पाहिलं आणि गाडी घातली असणार. एवढंच खटकतं की काठी घेऊन चालून आल्याशिवाय मी त्यांना एकदाही पाण्यात गाडी घालताना पाहिलेलं नाही. खांबांकडे ते बघतसुद्धा नसत. सणाच्या गडबडीत राहून गेलं असेल. की खांब चुकलेत असं तोंडावर सांगून मला लाजवायला नको, म्हणून स्वतःच ते तपासायला गेले? तसं असेल तर माझं वागणं अधिकच वाईट ठरतं. जितका विचार करतो तितकं ते माझ्याच अंगावर येतं, आणि यात मला थोडं बरंही वाटतं, हा एक निराळा दोष.

आणि अण्णांना ते बटण कसं माहीत होतं? गाडीवर हात ठेवून उभे राहिलेलेसुद्धा मी त्यांना पाहिलेले नाहीत. सव्वीस तारखेला काठावर रंगरावांनी दाखवलं असेल. चौतीस वर्षं धरणांवर काढलेल्या माणसाची नजर तीक्ष्ण असायचीच.

दुपारी जेवताना सांगितलं की उद्या बन्नूरला जाऊन रंगरावांची माफी मागणार.

"मीही येतो," अण्णा म्हणाले.

"तुमचा खोकला अजून..."

"येतो म्हटलं ना!" ताटावर हात आपटला. मग आवाज खाली आणून, "आणि तिथं आधी मी बोलणार. तू मधे पडायचं नाही."

"अण्णा, माफी मला मागायचीय."

"तुझी नंतर."

अंबुजा त्यांच्या ताटात तूप वाढत होती. "ऐका की हो त्यांचं," मला म्हणाली. "एकदा तरी शेवटपर्यंत." आणि तिचे डोळे भरून आले. मिरची लागली म्हणाली. आजच्या भातात मिरची नव्हती.

वय झालं की माणसाला प्रत्येक गोष्टीत पुढं व्हावंसं वाटतं, असं मनात आलं. पण कालच त्यांचं न ऐकून मांडीभर पाण्यात उभा होतो. हो म्हणालो. ते लगेच उठले, पाटावरून, हात न टेकता, आणि कपाटातून इस्त्रीचं धोतर काढून ठेवलं.

उद्या: बन्नूरला अण्णांचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प बसणे.